ब्लेनहाइमच्या पुलाचे वय

न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी. तिच्या नैर्ऋत्येला मोटारीने तासाभराच्या अंतरावर नॉर्थ ब्लेनहाइम नावाचे एक लहानसे खेडे आहे आणि त्याच्या कडेने स्कोहॅरी क्रीक वाहते. 'क्रीक' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ठाण्याची किंवा वसईची खाडी येते. अमेरिकेच्या या भागात मात्र क्रीक म्हणजे ओढा, आणि ही स्कोहॅरी तर ओढा म्हणण्याइतकीही लहान नाही. कॅट्सकिलच्या डोंगरांत उगम पावून ती उत्तरेकडे सुमारे दीडशे किलोमीटर वाहत जाते, मोहॉक नदीला मिळते आणि एखादे मोठे वादळ आले की एका दिवसात ओळखू येईनाशी होते. या क्रीकवर १८५५ साली व्हरमाँटच्या निकोलस पॉवर्स या सुताराने छप्पर असलेला लाकडी पूल बांधला. मधे एकही खांब नसलेले २१० फुटांचे त्याचे अंतर जगातल्या अशा पुलांमध्ये सर्वांत मोठ्यांपैकी होते. २८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळाच्या पुरात तो वाहून गेला. पुढे सरकारी पैशातून त्याच जागी, त्याच रचनेचा लाकडी पूल उभारण्यात आला आणि २०१८ साली तो पूर्ण झाला.

हा पूल 'खरा' की 'डुप्लिकेट', या वादात मी अलीकडे दोनदा सापडलो. दोन्ही वेळा मंडळी तावातावाने बोलत होती आणि दोन्ही वेळा प्रश्नच चुकीचा मांडला जात होता. एका बाजूच्या मते नवा पूल ही पर्यटकांसाठी केलेली नक्कल असून तिच्यावर लक्षावधी डॉलर उधळणे हा निव्वळ हळवेपणा आहे. दुसऱ्या बाजूच्या मते पूल पुन्हा उभा राहिला म्हणजे काही गमावलेच नाही, आणि २०१५ साली सरकारने जुन्या पुलाचा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा काढून घेतला हा गावावर झालेला अन्याय आहे. माझे मत असे की पूल पुन्हा बांधला हे योग्य झाले आणि १९६४ साली दिलेला दर्जा काढून घेतला हेही तितकेच योग्य झाले. या दोन निर्णयांत विसंगती आहे असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरले आहे, आणि सगळा गोंधळ त्या गृहीतकातून निर्माण झाला आहे.

आधी विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेतो, कारण तो खरोखरच भक्कम आहे. जुने लाकूड हा दस्तऐवज असतो. १८५५ सालच्या तुळईवर करवतीच्या आणि पटाशीच्या खुणा असतात, तिच्या वर्तुळांत झाड कोणत्या साली तोडले याचा हिशेब असतो, सांध्याजवळ सुताराने हात चुकल्यावर केलेली दुरुस्ती असते. पूल जाण्यापूर्वी त्याची मोजमापे घेऊन आराखडे काढून ठेवलेले होते हे खरे. पण आराखडा काढणाऱ्याला जे प्रश्न सुचले तेवढ्यांचीच उत्तरे आराखड्यात असतात आणि आराखड्यावरून बांधलेल्या पुलातही त्याहून अधिक काही उतरू शकत नाही. उद्या एखाद्या अभ्यासकाने नवा प्रश्न काढला तर त्याचे उत्तर मूळ लाकूडच देऊ शकले असते, आणि ते लाकूड क्रीकने नेले. दर्जा काढणे म्हणूनच प्रामाणिकपणाचे होते. शेजारच्या व्हरमाँटमध्ये, श्रूजबरी गावाजवळ, याच पॉवर्सने १८८० साली बांधलेला ब्राउन पूल अजून जागेवर आहे आणि २०१४ साली त्याला तोच राष्ट्रीय दर्जा मिळाला. एकाच सुताराच्या दोन पुलांपैकी जो उभा आहे त्याला मान मिळाला आणि जो गेला त्याचे नाव यादीतून काढले गेले, यात अन्याय तो कसला?

पण पूल म्हणजे केवळ पुरावा नव्हे. ब्लेनहाइमपासून काही मैल वर गिल्बोआ येथे, १८६९ च्या पुराने क्रीकचा काठ खरवडला तेव्हा दगड झालेले झाडांचे बुंधे उघडे पडले. सुमारे साडेअडतीस कोटी वर्षांपूर्वीच्या, पृथ्वीवरच्या अतिप्राचीन जंगलांपैकी एकाचे ते अवशेष आहेत. ते बुंधे फक्त पुरावा आहेत. ते हरवले तर सिमेंटचे बुंधे ओतून ठेवण्याला काहीही अर्थ नाही. त्याच १८६९ च्या पुराने ब्लेनहाइमच्या पुलाला जोडणारा काठावरचा भरावही वाहून नेला. गावकऱ्यांनी ती जागा नव्या बांधकामाने जोडून घेतली, आणि पूल 'खोटा' झाला असे त्या काळी कोणाच्या मनातही आले नसावे. बुंधा आणि पूल यांत फरक हाच की पूल कोणीतरी कोणत्या तरी रीतीने बांधलेला असतो, आणि ती रीत पुन्हा वापरता येते. पुरावा गेला की जातो. रीत मात्र वापरात राहिली तर टिकते आणि वापर थांबला की दोन पिढ्यांत मरते.

छपराच्या पुलांच्या बाबतीत तर ही गोष्ट त्यांच्या मूळ कल्पनेतच आहे. पुलाला छप्पर कशासाठी? प्रवाशांना पावसापासून आडोसा मिळावा म्हणून, किंवा घोड्यांनी पाण्याला बुजू नये म्हणून, अशी गोड उत्तरे पुष्कळ आहेत. खरे उत्तर सुताराचे आहे. पुलाचा भार पेलणारी लाकडी कैची, म्हणजे उभ्या-आडव्या-तिरक्या लाकडांची जोडलेली चौकट, उघड्यावर राहिली तर सांध्यांत पाणी मुरते आणि दहा-पंधरा वर्षांत ती कुजते; वरून छप्पर आणि बाजूंनी फळ्या ठोकल्या तर तीच कैची शंभर-दीडशे वर्षे टिकते. फिलाडेल्फियात १८०५ साली टिमथी पामरने बांधलेल्या पुलावर छप्पर घालण्याचा आग्रह पूल-कंपनीचे अध्यक्ष न्यायाधीश रिचर्ड पीटर्स यांनी धरला, तो याच हिशेबाने. (त्या पुलाचे नावच 'कायमचा पूल' असे होते आणि १८७५ साली तो जळून खाक झाला, हे जाता जाता सांगण्याचा मोह आवरत नाही.) म्हणजे छप्पर आणि फळ्या झिजण्यासाठीच लावलेल्या असतात. त्या कुजाव्यात, उपटाव्यात, पुन्हा ठोकाव्यात, आणि त्यांच्या आड कैची कोरडी राहावी. ब्लेनहाइमच्या पुलाची कैची लाँग नावाच्या अभियंत्याच्या ज्या पद्धतीची होती तिची गंमत तर अशी की तिच्या तिरक्या आधारांना पाचर ठोकून ताण देता येतो. लाकूड वाळून आकसले, सांधा सैल पडला, की कोणीतरी मोगरी घेऊन जायचे आणि पाचर आत सरकवायची. पुढच्या पिढीतला सुतार येणारच, हे गृहीत धरून आखलेली ही रचना आहे. अशा वस्तूला 'यातले मूळ लाकूड किती टक्के?' असा प्रश्न विचारणे म्हणजे रोज भरल्या जाणाऱ्या माठाला पहिले पाणी कोणते ते विचारण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप उपयुक्ततेचा. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच शेजारी लोखंडी पूल झाला आणि वाहने तिकडून जाऊ लागली. तेव्हापासून लाकडी पुलावरून फक्त माणसे चालत होती. मग ज्याचा वाहतुकीला काडीचा उपयोग नाही तो पूल पुन्हा बांधायचाच कशाला? केंद्रीय आपत्ती निवारण संस्थेने, म्हणजे फेमाने, सुरुवातीला याच धर्तीवर पैसे नाकारले आणि काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, अपील केल्यावर ते मंजूर केले. मला फेमाचा पहिला निर्णय समजण्यासारखा वाटतो, पण दुसरा अधिक योग्य वाटतो. कारण असे की लोखंडी पूल झाला तेव्हा महामंदीचे दिवस होते, काउंटी शेतकऱ्यांची होती आणि लाकडाला बाजारात किंमत होती. तरीही जुना पूल मोडून न विकता सार्वजनिक ठेवा म्हणून राखायचा, असे काउंटीच्या मंडळाने ठरवले. म्हणजे २०११ साली पुराने जे नेले ते 'निरुपयोगी बांधकाम' नव्हते; ऐंशी वर्षे लोकांनी ठरवून चालवलेली ती सार्वजनिक सोय होती. तिचा उपयोग चालणे, थांबणे, पाहणे आणि दाखवणे हा होता. ग्रंथालय पुरात बुडाले तर 'तिथून कुठे गाड्या जात होत्या?' असे आपण विचारतो का?

पैशाचा मुद्दा मात्र इतक्या सहज सुटत नाही. आयरीनने याच खोऱ्यातली स्कोहॅरी, मिडलबर्ग, प्रॅट्सव्हिल ही गावे चिखलात बुडवली होती. कित्येकांची घरे राहण्याजोगी उरली नव्हती. ज्याचे घर गेले त्याला लाकडी पुलासाठी चाललेली कागदपत्रांची लढाई पाहून चीड आली असेल, तर त्याला दोष देण्याची माझी छाती नाही. इतकेच सांगता येते की या मदतीची खाती वेगळी असतात: सार्वजनिक बांधकामांच्या मदतीत साधारणपणे किमान ७५ टक्के वाटा केंद्राचा असतो आणि तो पैसा पुलाला न मिळता तर कोणाच्या घराला मिळाला असता असे नाही. हे उत्तर तांत्रिक आहे याची मला जाणीव आहे. शेवटी दोन्ही खात्यांत पैसा करदात्याचाच असतो, आणि खाती कशी पाडावीत हाही राजकीय निर्णयच. पण त्या निर्णयाविरुद्ध लढायचे तर वॉशिंग्टनमध्ये लढले पाहिजे. एका खेड्याने आपल्या हक्काची मदत परत केल्याने ती लढाई जिंकली जात नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत आत्मविश्वासाने केला जातो आणि मला तोच सर्वांत कच्चा वाटतो: पोलाद आणि काँक्रीटच्या युगात लाकडी पूल बांधणे हे शहाणपणाचे लक्षण नाही. त्याला उत्तर देण्यासाठी याच क्रीकच्या खालच्या टोकाला जावे लागते. फोर्ट हंटरजवळ, मोहॉकच्या संगमाच्या थोडे अलीकडे, न्यूयॉर्क थ्रूवे या द्रुतगती मार्गाचा पोलाद आणि काँक्रीटचा पूल १९५४ च्या सुमारास बांधला गेला. ५ एप्रिल १९८७ रोजी वसंतातल्या पुरात पाण्याने त्याच्या एका खांबाच्या उथळ पायाखालची माती खरवडून नेली, खांब खचला, त्याच्यावरचे गाळे कोसळले आणि पाच वाहनांतली दहा माणसे मेली. पायाभोवती टाकलेला संरक्षक दगड वर्षानुवर्षांच्या पुरांत हलला होता आणि तो पुरेसा परत टाकला गेला नव्हता. एकाच पाण्यावर काँक्रीटचा पूल तेहतीस वर्षांत पडला आणि लाकडाचा एकशे छप्पन्न वर्षे उभा राहिला. यावरून लाकूड काँक्रीटपेक्षा श्रेष्ठ असे सिद्ध होत नाही, तसे म्हणणे बालिश ठरेल. सिद्ध होते ते हे की पॉवर्सला क्रीकचा स्वभाव कळला होता. २१० फुटांत एकही खांब पाण्यात उभा न करण्याचा अट्टाहास त्याने हौसेखातर केला नव्हता. पाण्यात पायच ठेवला नाही तर पायाखालची वाळू सरकत नाही. पूल स्वतःच्या वजनाने पडेल असे म्हणणारे तेव्हाही होते. खालचा मचाण काढताना पॉवर्स म्हणे स्वतः पुलाच्या आढ्यावर जाऊन बसला होता. ही आख्यायिका आहे आणि आख्यायिका म्हणूनच घ्यावी, पण सगळे गाव काठावर उभे राहून काय पाहत असेल याची कल्पना तिच्यावरून येते.

त्या रचनेचा दोषही सांगितला पाहिजे. खांब नव्हते, पण पूल पाण्यापासून पुरेसा उंच नव्हता. २०११ साली पाणी पुलाच्या अंगाला भिडले आणि मग बाजूच्या बंद फळ्यांची भिंत झाली, लाकूड हलके म्हणून तरंगू लागले, आणि ज्या गुणांनी पूल दीडशे वर्षे टिकला त्याच गुणांनी तो गेला. नवा पूल आधीपेक्षा उंच उचलून बांधला आहे. यावर 'मग तो तसाच कुठे राहिला?' असा शुद्धतावाद्यांचा सवाल असतो. मी म्हणेन, पॉवर्स स्वतः असता तर २०११ नंतर त्यानेही पूल उचलला असता. चूक दिसल्यावर ती तशीच ठेवण्याला सुतारकामात परंपरा म्हणत नाहीत.

इटलीतल्या बासानो देल ग्राप्पा या गावाची हकीकत इथे आठवते. १५६७ साली ब्रेंता नदीच्या पुराने तिथला छपराचा लाकडी पूल नेला. नगराने आंद्रेआ पाल्लादिओला बोलावले. त्या थोर वास्तुकाराने रोमन थाटाचा दगडी पूल सुचवला आणि नगराने तो नाकारला. आम्हाला आधीच्यासारखाच लाकडी पूल हवा, असे सांगितले. पाल्लादिओने तो १५६९ साली बांधून दिला. १७४८ च्या पुरात तो गेला, १८१३ साली फ्रेंच सैन्याने नंतरचा जाळला, १९४५ साली युद्धाने त्यानंतरचाही मोडला, आणि प्रत्येक वेळी गावाने तो त्याच रचनेत पुन्हा उभारला. आजचा पूल १९४८ चा आहे. तो पाल्लादिओचा आहे की नाही? लाकडाच्या हिशेबाने एक कपचीही त्याची नाही. पण नदीवरचा तो आकार, ते सांधे, ते छप्पर आज हयात आहे याचे कारण साडेचारशे वर्षांत चारदा 'आता कशाला?' या प्रश्नाला गावाने दिलेले उत्तर आहे.

मराठी वाचकाला हे सगळे परके वाटायचे कारण नाही, कारण आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द आहे. काशीचे विश्वनाथाचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली बांधले, म्हणून त्या देवळाला कोणी नक्कल म्हटले नाही. पण हा शब्द मला अलीकडे धास्तीही देतो. माझ्या आजोळच्या कोकणातल्या गावी देवळाला लाकडी सभामंडप होता: फणसाचे खांब, हात फिरून फिरून काळे-तुकतुकीत झालेले, आणि त्यांवर माथ्याला कोरलेली केळफुले. पंचवीसेक वर्षांपूर्वी जीर्णोद्धार झाला. खांब गेले, स्लॅब आला, जमिनीला चकचकीत फरशी आली आणि पहिल्याच पावसाळ्यात स्लॅबला ओल धरली. देव तोच आणि जागाही तीच राहिली, पण खांब घडवणाऱ्या हातांना त्या गावात पुन्हा काम मिळाले नाही. बासानोच्या आणि आमच्या गावच्या निर्णयांतला फरक भावनेचा नाही, भावना दोन्हीकडे होती. पुन्हा बांधताना काम कोणत्या कारागिराच्या हाती गेले, एवढाच तो फरक आहे, आणि ब्लेनहाइमचे मोजमापही मी याच गजाने करतो. पैसे देऊन तिथे लाकडी कैची उभारून घेतली, म्हणजे एकविसाव्या शतकात काही माणसांना दोनशे फुटांहून लांब लाकडी पूल कसा उभा राहतो हे हाताने शिकावे लागले. त्याऐवजी काँक्रीटच्या पुलाला फळ्यांचा मुखवटा चढवला असता, तर 'डुप्लिकेट' म्हणणाऱ्यांच्या बाजूने मीही उभा राहिलो असतो.

गेल्या शरदात मी तो पूल चालून आलो. दोन रस्ते, मधे तिसरी कैची, आणि तिच्यातून खालपासून आढ्यापर्यंत चढत गेलेली अवाढव्य कमान. कमानीवर तळहात ठेवला की लाकूड नवे आहे हे लगेच कळते. बरोबरच्या एका गृहस्थांनी विचारले, 'किती जुना असेल हो?' मी २०१८ म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी कॅमेरा खिशात घातला. १८५५ म्हटले असते तर त्यांनी दहा फोटो काढले असते. या चेहऱ्याच्या भीतीनेच जगभर अर्धसत्ये सांगितली जातात. स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नचा लाकडी पूल ऑगस्ट १९९३ मध्ये जळाला आणि एप्रिल १९९४ मध्ये पुन्हा खुला झाला. त्याचा बराचसा भाग त्या आठ महिन्यांतला आहे, तरी बहुतेक पर्यटक चौदाव्या शतकातला पूल पाहिला या समजुतीत घरी जातात. आक्षेप घ्यायचा तर पुनर्बांधणीवर नको, या समजुतीवर घ्यावा.

आणि खरी काळजी करायची तर ती पुढच्या देखभालीची. जपानमध्ये इवाकुनीचा किंताई पूल १६७३ साली बांधला आणि पुढच्याच वर्षी वाहून गेला. तो लगेच पुन्हा बांधताना तिथल्या सरदाराने त्याच्या देखभालीसाठी स्वतंत्र कर लावला. त्या बळावर, ठरावीक वर्षांनी कमानी बदलत, पूल १९५० पर्यंत टिकला. युद्धकाळात डागडुजी राहून गेली होती आणि मग आलेल्या वादळात तो गेला. १९५३ साली पुन्हा उभा राहिला, आणि २००१ ते २००४ या काळात त्याच्या कमानी नव्याने घडवल्या गेल्या. थ्रूवेच्या पुलाखालचा दगड जसा वेळेवर परत टाकला गेला नाही, तशीच ब्लेनहाइमची फळीही वेळेवर बदलली जाणार नाही, ही शक्यता मला नकलेच्या आरोपापेक्षा फार गंभीर वाटते. पूर आला की वर्तमानपत्रे येतात, मदत येते, अपिले होतात. छपरातून एक थेंब गळू लागला की कोणी येत नाही. काउंटीने पुलावर २०१८ हा आकडा दुरून वाचता येईल इतका मोठा लिहावा, जुन्या पुलाचे जे तुकडे हाती लागले ते वेगळे आणि नावानिशी ठेवावेत, दरवर्षीच्या अंदाजपत्रकात एका सुताराची मजुरी धरावी, आणि कोणती फळी कोणत्या साली कोणी बदलली याची एक वही पुलाशेजारी ठेवावी. पुढच्या वेळी कोणी पुलाचे वय विचारले, तर त्यांना मी ती वही उघडून दाखवीन.